विश्लेषण : ऑफिस सुटल्यानंतरचा वेळ कुणाचा? नोकरी, रील्स आणि छंदांची ओढाताण

शुक्रवारी संध्याकाळी पुण्यातल्या हिंजवडी आयटी पार्कमधून बाहेर पडणाऱ्या गाड्यांकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. लॅपटॉपची बॅग सगळ्यांकडे असतेच. तिच्याशेजारी कुणाच्या मागच्या सीटवर ट्रेकची सॅक असते, कुणाच्या पायाशी गिटारचं कव्हर, तर गणपतीच्या आधीच्या दोन महिन्यांत कुणाच्या डिकीत ढोलाच्या सरावाचे कपडे. छंदांची हौस या शहरात कमी झालेली नाही. उलट ट्रेकचे ग्रुप, सायकलींचे क्लब, वाद्यपथकं, सुलेखनाचे वर्ग असं सगळं जोरात आहे.

तरीही याच मंडळींशी बोललं की एकच वाक्य ऐकू येतं, 'स्वतःसाठी वेळच मिळत नाही.' यातला काही भाग तक्रारीच्या सवयीचा असेल, पण सगळा नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत कामाच्या तासांवरून देशात जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. ऑफिस सुटतं तेव्हा खरंच सुटतं का? आणि सुटल्यावर जो वेळ उरतो तो आपला असतो, कंपनीचा असतो, की हातातल्या मोबाइलचा?

वाद कशावरून सुरू झाला?

ऑक्टोबर 2023 मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी एका मुलाखतीत तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं असं मत मांडलं. समाजमाध्यमांवर त्यावरून बराच गदारोळ झाला. जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचा एक व्हिडिओ फिरला. त्यात ते 90 तासांच्या आठवड्याचा पुरस्कार करत होते. रविवारीही तुमच्याकडून काम करून घेता येत नाही याची खंत वाटते, असं सांगताना घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असा सवालही त्यांनी केला. त्यावर विनोदांचा पाऊस पडला आणि विषय हसण्यावारी गेला.

त्याच महिन्याच्या शेवटी संसदेत मांडल्या गेलेल्या केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालाने मात्र वेगळा सूर लावला होता. आठवड्याला 60 तासांहून अधिक काम केल्यास प्रकृतीवर वाईट परिणाम होऊ शकतो, आणि दिवसाला 12 किंवा त्याहून जास्त तास टेबलाशी बसणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य ढासळतं, अशा अभ्यासांचे दाखले त्यात होते.

त्याआधी 2024 मध्ये पुण्यात नोकरी करणाऱ्या एका तरुण सनदी लेखापालाच्या मृत्यूनंतर आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं होतं. त्या पत्राखाली लोकांनी स्वतःचे अनुभव लिहिले. रात्री अकराला आलेले मेल, रजेवर असताना घेतलेले कॉल, 'तातडीचं' म्हणून सांगितलेलं आणि नंतर आठवडाभर कुणीही न उघडलेलं काम. कामाच्या तासांची चर्चा त्या दिवसांत पहिल्यांदा आकड्यांतून बाहेर आली आणि घराघरात पोहोचली.

रविवार आपला कधी झाला?

सुब्रह्मण्यन यांच्या कंपनीचं मुख्यालय मुंबईत बॅलार्ड इस्टेटला आहे. याच मुंबईत रविवारच्या सुट्टीसाठी देशातली पहिली मोठी लढाई झाली, हा योगायोग गमतीचा आहे. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन स्थापन केली. सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन त्यांनी सरकारी आयोगापुढे ठेवलं. मागण्या काय होत्या? आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. कामाला शेवट असावा, ही तेव्हाची मागणी होती. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

त्यानंतरच्या काळात मोकळ्या वेळेला हळूहळू संस्थांचा आधार मिळत गेला. गिरणगावात भजनी मंडळं, शाहिरी, कबड्डीचे संघ, लोकनाट्यं उभी राहिली. 1953 मध्ये मुंबई कामगार कल्याण निधी कायदा झाला आणि कामगार कल्याण मंडळ आलं. कामगार नाट्य स्पर्धा, भजन स्पर्धा, ललित कला भवनं, वाचनालयं हे सगळं या मंडळाचं काम. ऑफिसांचे क्रिकेट संघही असेच वाढले. टाइम्स शिल्डसारख्या कार्यालयीन स्पर्धांतून मुंबईचं क्रिकेट घडलं. कंपन्या खेळाडूंना नोकरी देत आणि खेळायला मोकळीक देत. सुनील गावस्कर निरलॉनमध्ये नोकरीला होते, ते याच पद्धतीतून. बँका, रेल्वे, बेस्ट, विमा कंपन्या यांच्या नाट्यसंघांनी स्पर्धा गाजवल्या.

या काळाचं फार गोडवे गाऊन वर्णन करण्याचंही कारण नाही. गिरणीतली पाळी जीव काढणारी होती आणि तालमीला जाणारे बहुतेक पुरुषच असत. घरातली बाई तेव्हा चुलीपाशी होती. पण एक फरक महत्त्वाचा होता. भोंगा वाजला की काम गिरणीतच राहायचं. माग कुणी घरी घेऊन जात नसे. बँकेतलं लेजरही संध्याकाळी कपाटात बंद व्हायचं.

विशेष म्हणजे कामगार कल्याणाची ती वर्गणी अजून कापली जाते. खासगी कंपन्यांतल्या अनेक कर्मचाऱ्यांच्या जून आणि डिसेंबरच्या पगारपत्रकावर 'एलडब्ल्यूएफ' नावाची एक बारीकशी वजावट असते, काही रुपयांची. ती याच निधीत जाते. ते पैसे कशाचे, हे विचारायला सहसा कुणी एचआरकडे जात नाही.

तालमीची वेळ आणि न्यूयॉर्कची सकाळ

आज काम घरी येतं ते फक्त साहेब कडक आहेत म्हणून नव्हे. त्यामागे व्यवसायाची रचना आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय 'कामाचं नियोजन नीट करा' हा सल्ला फोल ठरतो.

पुण्या-मुंबईतल्या आयटी सेवा कंपन्यांचं मोठं गिऱ्हाईक अमेरिकेत आहे. न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं. तिथला माणूस सकाळी साडेनऊला कॉफी घेऊन बसला की इथे उन्हाळ्यात संध्याकाळचे सात आणि हिवाळ्यात आठ वाजलेले असतात. म्हणजे पूर्वी ज्या वेळी नाटकाची तालीम सुरू व्हायची, गाण्याचा क्लास असायचा, कॅरमचा डाव मांडला जायचा, नेमकी ती वेळ आता कॉलची आहे. सकाळी दहाला ऑफिसात आलेला माणूस साडेसहाला निघाला तरी त्याचा दिवस साडेनऊला संपतो. मधला प्रवास वेगळाच.

दुसरी गोष्ट बिलाची. या धंद्यात अनेक करार अजूनही माणसांच्या तासांवर चालतात. ग्राहकाला ठराविक तासांचं बिल जातं. प्रकल्प मिळवताना अंदाज कमी धरला असेल तर वरचे तास बिलात येत नाहीत, ते कर्मचाऱ्याच्या संध्याकाळीतून वसूल होतात. टाइमशीटमध्ये मात्र आठच तास भरायचे, कारण जास्त भरले तर प्रकल्प तोट्यात दिसतो. त्यामुळे जादा कामाचा कागदावर मागमूसही राहत नाही. उद्या कुणी तक्रार करायची म्हटली तरी पुरावा म्हणून दाखवायला असतात ते फक्त रात्रीचे व्हॉट्सॲप मेसेज.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात ऑफिसांना लागू होतो तो 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा. त्यात मुळात दिवसाला 9 तास आणि आठवड्याला 48 तास ही मर्यादा होती आणि जादा कामाला दुप्पट मोबदला आहे. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 20 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी दैनंदिन मर्यादा 10 तासांवर नेण्याचा, आणि तीन महिन्यांतल्या जादा कामाची मर्यादा 125 वरून 144 तासांवर नेण्याचा निर्णय घेतला.

पण ही चर्चा ऐकून आयटीतला माणूस फारसा दचकत नाही. तो आधीच यातून निसटलेला असतो. गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या स्वरूपाचं काम करणाऱ्यांना हा कायदा लागू होत नाही. नावापुढे 'लीड' किंवा 'मॅनेजर' लागलं की आपण कामगार नाही, असं कंपनीही मानते आणि खरं सांगायचं तर कर्मचाऱ्यालाही तसंच मानायला आवडतं. व्हिजिटिंग कार्डावरचा हुद्दा आणि ओव्हरटाइमचा हक्क या दोन्ही गोष्टी एकदम मागायला संकोच वाटतो. दुकानातल्या सेल्समनला जे संरक्षण आहे ते त्याच्या दुप्पट-तिप्पट पगार घेणाऱ्याला नाही, ही परिस्थिती त्यातून तयार झाली आहे.

मग 'राइट टू डिस्कनेक्ट'चं काय? कामाची वेळ संपल्यावर फोन किंवा मेलला उत्तर न देण्याचा हक्क. फ्रान्सने 1 जानेवारी 2017 पासून असा कायदा लागू केला. ऑस्ट्रेलियात तो ऑगस्ट 2024 पासून मोठ्या आस्थापनांना लागू झाला. भारतात बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत असं खासगी विधेयक मांडलं आणि डिसेंबर 2025 मध्ये पुन्हा मांडलं. वेळेनंतरच्या फोनला उत्तर दिलं नाही म्हणून कर्मचाऱ्यावर कारवाई करता येणार नाही, आणि नियम मोडणाऱ्या कंपनीला एकूण वेतनखर्चाच्या 1 टक्का दंड, असा त्याचा गाभा आहे. ते मंजूर होण्याची शक्यता किती? स्वातंत्र्यानंतर आजवर फक्त 14 खासगी विधेयकांचे कायदे झाले आणि त्यातलं शेवटचं 1970 चं. तेव्हा हे विधेयक विषय चर्चेत ठेवतं, त्याहून जास्त अपेक्षा तूर्त धरता येत नाही.

मोबाइलने छंदाचं काय केलं?

इथवरची गोष्ट कंपनीची. पण उरलेल्या वेळेचं आपण काय करतो, त्याचा दोष सगळा कंपनीवर टाकता येणार नाही.

जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले. तेव्हापासून छंदाच्या बाबतीत एक बदल झाला. पूर्वी पेटी शिकणाऱ्या माणसाची चूक त्याच्या गुरुजींना आणि फार तर शेजाऱ्यांना ऐकू जायची. वर्ष-दोन वर्षं वाईट वाजवण्याची मुभा होती. आता तिसऱ्या आठवड्यातच 'प्रोग्रेस' म्हणून व्हिडिओ टाकला जातो. त्याच्या खाली आकडा येतो. आणि आकडा आला की ऑफिसातली सवय जागी होते, मागच्या वेळेपेक्षा कमी का?

ऑफिसमध्ये वर्षातून एकदा अप्रेझल होतं. रीलचं अप्रेझल दर दोन तासांनी होतं. रोज काही ना काही टाकत राहिलं तरच लोकांपर्यंत पोहोचता येतं, हा समज कंटेंट करणाऱ्यांमध्ये पक्का आहे. मग सिंहगडावर रविवारी पहाटे चढणारा माणूस कल्याण दरवाज्यापाशी पोहोचल्यावर आधी उजेड बघतो, मग दरी. सुलेखन करणारी मुलगी अक्षर घोटण्याआधी कॅमेऱ्याचा स्टँड लावते. सोमवारी ऑफिसात विचारणा होते ती 'ट्रेक कसा झाला' अशी नाही. 'स्टोरी पाहिली रे तुझी', असं म्हटलं जातं आणि संभाषण तिथेच संपतं. सांगण्यासारखं सगळं आधीच दाखवून झालेलं असतं.

ऑफिसचे लोक फॉलोअर्समध्ये असतात, ही आणखी एक पंचाईत. आजारपणाची रजा टाकून संध्याकाळी जरा बरं वाटलं म्हणून तलावाकाठचा फोटो टाकला तर तो मॅनेजरलाही दिसतो. त्यामुळे जवळच्या लोकांसाठी वेगळी यादी, ऑफिसवाल्यांपासून लपवलेली स्टोरी, दुसरं खासगी खातं अशा युक्त्या सर्रास चालतात. लिंक्डइनवर तर छंदालाही नोकरीचा गणवेश चढवावा लागतो. हरिश्चंद्रगड चढून आलो एवढं सांगून भागत नाही, त्या चढाईतून नेतृत्वाचे पाच धडे निघावे लागतात. नळीच्या वाटेने चढताना घसा कोरडा पडला होता आणि कधी एकदा पिठलं-भाकरी मिळते असं झालं होतं, हे तिथे कुणी लिहीत नाही.

छंदातून पैसे आले तर?

इथे प्रकरण गुंतागुंतीचं होतं. गडकिल्ल्यांवरचं यूट्यूब चॅनल एखाद्याने हौसेने सुरू केलं. 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तास पाहिलं गेलं की जाहिरातींचा वाटा मिळू शकतो. त्याने तो घेतला. आता हा छंद आहे की दुसरी नोकरी?

2022 च्या सप्टेंबरमध्ये विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या 300 कर्मचाऱ्यांना काढल्याचं जाहीर केलं आणि 'मूनलायटिंग' हा शब्द मराठी घरांतही पोहोचला. इन्फोसिसने सुरुवातीला कडक ताकीद दिली, नंतर महिनाभरात वरिष्ठ आणि एचआर यांची परवानगी घेऊन बाहेरची किरकोळ कामं करायला मुभा दिली. स्विगीने तर त्याआधीच अशी परवानगी देणारं धोरण आणलं होतं. मूळ वाद प्रतिस्पर्ध्याकडे काम करण्याचा होता. पण अनेक नियुक्तिपत्रांतलं कलम त्याहून बरंच रुंद असतं. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही दुसरा मोबदला घेणार नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. काहींमध्ये नोकरीच्या काळात केलेल्या निर्मितीवर कंपनीचा हक्कही असतो. रुजू होण्याच्या दिवशी या पंधरा पानांवर सह्या करताना ती कुणी वाचत नाही. चॅनलला पहिले पैसे मिळाले की ती वाचायला हवीत. लेखी परवानगी मागणारा एक मेल अनेकदा पुरेसा असतो, आणि हौसेच्या कामाला नकार मिळण्याची शक्यता प्रतिस्पर्धी कंपनीच्या कामापेक्षा खूपच कमी असते.

करही आहेच. यूट्यूबचे पैसे हे उत्पन्न आहे आणि विवरणपत्रात दाखवावं लागतं. 1 जुलै 2022 पासून आणखी एक नियम आला. एखाद्या कंपनीने प्रसिद्धीसाठी सॅक, बूट, कॅमेरा असं काही दिलं आणि वर्षभरात तिच्याकडून मिळालेल्या अशा वस्तूंची किंमत 20,000 रुपयांच्या वर गेली, तर त्यावर 10 टक्के करकपात लागते. वस्तू परत केली तर प्रश्न नाही, ठेवून घेतली तर ती कमाई धरली जाते. शिवाय पैसे किंवा वस्तू घेऊन केलेल्या शिफारशीवर 'जाहिरात' असं स्पष्ट सांगावं, असं जाहिरात मानक परिषदेचं 2021 पासूनचं मार्गदर्शन आहे. हौसेने सुरू केलेल्या गोष्टीमागे इतकी कागदपत्रं लागली की ती हौस राहते का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. अनेकांना त्यातून नोकरीबाहेरची ओळख मिळते, काहींना नोकरी सोडण्याचं बळही मिळतं. आयटीतल्या अस्थिर वातावरणात दुसरं उत्पन्न हाताशी असावं, ही भावना चुकीची म्हणता येत नाही. पण शनिवार-रविवारी ट्रेक लीडर म्हणून तीस जणांची जबाबदारी घेणारा इंजिनिअर सोमवारी विश्रांती घेऊन येत नाही, तो दुसरी पाळी करून येतो.

सगळ्यांचा मोकळा वेळ सारखा असतो का?

या चर्चेत एक गोष्ट नेहमी बाजूला पडते. सांख्यिकी मंत्रालयाच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार सहा वर्षांवरील व्यक्ती संस्कृती, विरंगुळा, माध्यमं आणि खेळ यांवर दिवसाला सरासरी 171 मिनिटं घालवतात. पुरुष 177, स्त्रिया 164. फरक थोडा वाटतो. पण याच सर्वेक्षणात बिनमोबदल्याच्या घरकामाचे आकडे पाहिले की चित्र बदलतं. हे काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं देतात, तर पुरुष 88.

या 171 मिनिटांत टीव्ही आणि मोबाइल पाहणंही मोजलेलं आहे, हे विसरून चालणार नाही. छंद म्हणजे त्यातला एक छोटा तुकडा. आणि छंदाला नुसती मिनिटं पुरत नाहीत, सलग वेळ लागतो. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधल्या वेळेत रील पाहता येतं, राग यमन घोटता येत नाही. नोकरी करणाऱ्या बाईचा विरंगुळा आकड्यांत पुरुषाच्या जवळपास दिसतो, पण तो असा चिल्लर स्वरूपात मिळतो. पुण्यातल्या वाद्यपथकांत मुली मोठ्या संख्येने दिसतात. लग्नानंतर, त्यातही मूल झाल्यावर, किती जणी ताशा खांद्याला लावतात हे एखाद्या पथकप्रमुखाला विचारून पाहावं.

ढोल-ताशा पथकांचं उदाहरण आणखी एका कारणाने लक्षात घेण्यासारखं आहे. आयटीतले शेकडो लोक दरवर्षी दोन महिने रोज संध्याकाळी नदीकाठच्या सरावाला पोहोचतात. तेव्हा कॉल कसे टळतात? एक तर तिथे वेळेचं बंधन कडक असतं, उशिरा येणाऱ्याला मिरवणुकीत जागा मिळणं कठीण. शिवाय चाळीस ढोल वाजत असताना फोन उचलता येत नाही. आणि 'सराव आहे' हे कारण पुण्यातल्या मॅनेजरलाही पटतं, कारण त्याचा भाऊ किंवा मुलगी कुठल्या तरी पथकात असते. एकट्याने घरी बसून केलेल्या चित्रकलेला हे संरक्षण नाही. 'आज मी जरा चित्र काढणार आहे, कॉल उद्या घेऊ' असं वाक्य अजून कुठल्याही मीटिंगमध्ये सहजपणे बोललं जात नाही.

हौशी नाटकवाल्यांनी आपल्यापुरता मार्ग काढला आहे. तालमी रात्री साडेनऊनंतर सुरू होतात, नाहीतर शनिवारी सकाळी. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबरमध्ये असते आणि नेमक्या त्याच महिन्याच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात. मग पुण्यातला सातचा कॉल आठला येतो, आणि प्रयोग तोंडावर आलेला असताना तालमीचं वेळापत्रक पुन्हा नव्याने लावावं लागतं.